देश सोडणं म्हणजे नेमकं काय?

विमानतळाच्या काचेपलीकडे ट्रॉली ढकलत चाललेला मुलगा दिसेनासा झाला, की आईच्या लेखी तो 'परदेशी गेला'. शेजाऱ्यांच्या लेखी 'फॉरेनला सेटल झाला'. कायद्याचं मात्र एवढ्यावर भागत नाही. कायदा विचारतो, कामाला गेला की फिरायला? दहावी पास आहे का? परत कधी येणार, ते ठरलंय का? यंदा किती दिवस इथं होता? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, खिशात पासपोर्ट कुठल्या देशाचा?

या प्रत्येक प्रश्नाचा मालक असलेला कायदा वेगळा आहे. त्यामुळे मोठी गंमत होते. समजा, पुण्याचा एक इंजिनीअर डिसेंबरात अमेरिकेतल्या नोकरीवर रुजू व्हायला निघाला. परकीय चलनाच्या कायद्यानुसार तो त्याच दिवसापासून 'परदेशस्थ' होतो. आयकर कायद्यानुसार मात्र तो मार्चअखेरपर्यंत भारतातलाच रहिवासी राहतो, कारण एप्रिलपासून त्याचे १८२ हून जास्त दिवस इथं भरलेले असतात. नागरिकत्वाच्या कायद्याच्या नजरेत तर तो कुठं गेलेलाच नाही! विमान एक, प्रवासी एक, आणि कायद्याची उत्तरं तीन. घरातल्यांना हे ठाऊक नसतं. ते कळतं तेव्हा बहुधा बँकेची नोटीस आलेली असते, किंवा आखातातून मुलाचा रडवेला फोन.

जाण्याचा हक्क आहे का?

आधी मुळातला प्रश्न. देश सोडून जाण्याचा हक्क आपल्याला आहे का? संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात तेराव्या कलमात तो आहे. कुणालाही कोणताही देश, स्वतःचासुद्धा, सोडून जाता येईल आणि स्वतःच्या देशात परत येता येईल, असं ते कलम सांगतं. पण भारतात १९६७ पर्यंत पासपोर्ट म्हणजे सरकारची मर्जी होती. द्यावासा वाटला तर दिला, वाटलं तर परत मागितला. सतवंतसिंग सॉहनी या व्यावसायिकाचे पासपोर्ट सरकारने असेच परत मागितले, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल १९६७ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निकाल लागला. परदेशी जाणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, कायदा केल्याशिवाय सरकारला तो हिरावता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. सरकारची धावपळ उडाली आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. पुढं १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने त्यात भर घातली. नुसता कायदा असून चालणार नाही, पासपोर्ट काढून घेण्याची पद्धतही न्याय्य हवी, असं बजावलं.

म्हणजे हक्क आहे. पण हक्क असलेल्या सगळ्यांना विमानतळावर सारखी वागणूक मिळत नाही.

गिरमिटाचा वारसा

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाचं जहाज ३६ हिंदुस्थानी मजुरांना घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात लागलं. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. त्यासाठी करारबद्ध मजुरांची पद्धत निघाली. 'अ‍ॅग्रीमेंट'चं झालं गिरमिट आणि माणसाचा झाला गिरमिट्या. मुंबई बंदरातून गेलेल्यांमध्ये मराठी माणसंही होती. मॉरिशसमध्ये आजही गणेशोत्सव होतो तो त्यांच्याच वंशजांमुळे. पोर्ट लुईसच्या ज्या धक्क्यावर हे मजूर उतरत, तो 'आप्रवासी घाट' २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

या व्यवहारात फसवणूक इतकी होती, की ब्रिटिश सरकारलाही नियम करावे लागले, अधिकारी नेमावे लागले. त्यातून 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स', म्हणजे देशांतर करणाऱ्यांचा संरक्षक, हे पद आलं. मजुरांची ही भरती १९१७ मध्ये थांबली, १९२२ मध्ये नवा कायदा झाला. पद मात्र टिकलं. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात या संरक्षकाचं कार्यालय आहे.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात पैशाचा पूर आला आणि इथून गवंडी, सुतार, ड्रायव्हर, स्वयंपाकी यांची रीघ लागली. जहाजांच्या काळातला १९२२ चा कायदा तोकडा पडला. मग १९८३ चा एमिग्रेशन अ‍ॅक्ट आला. 'एमिग्रेशन' या शब्दाची व्याख्या आपल्याकडे स्पष्टपणे सापडते ती याच कायद्यात, आणि ती वाचून बहुतेकांना आश्चर्य वाटेल. नोकरी धरण्याच्या हेतूने भारताबाहेर प्रस्थान, एवढाच तिचा अर्थ! कायमचं राहणं, घरदार विकणं, नागरिकत्व बदलणं यांचा तिथं उल्लेखही नाही. दोन वर्षांसाठी दोह्याला वेल्डिंग करायला गेलेला 'एमिग्रंट' ठरतो. त्याच्यावर अवलंबून असलेली बायको त्याच्याकडे राहायला गेली, तर ती ठरत नाही. आपल्या मराठीत देशांतर म्हटलं की बिऱ्हाड उचलल्यासारखं वाटतं. कायद्याला त्यातलं फक्त काम दिसतं.

या कायद्याच्या २२ व्या कलमानुसार संरक्षकाची परवानगी घेतल्याशिवाय नोकरीसाठी देश सोडता येत नाही. मग पुण्याचा तो इंजिनीअर गेला कसा? त्याला चाळणीतून सूट आहे. दहावी पास झालेल्यांना, आयकर भरणाऱ्यांना, पन्नाशी ओलांडलेल्यांना आणि अशाच काही गटांना ही परवानगी लागत नाही. उरतो तो कमी शिकलेला कामगार. त्याच्या पासपोर्टवर 'ई.सी.आर.', म्हणजे परवानगी आवश्यक, असा शेरा असतो. तोही अठरा देशांपुरता. त्यात सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, कुवेत, कतार, ओमान, बहारीन आहेत. इराक, लिबिया, येमेन, मलेशिया वगैरेही आहेत.

हा शेरा अनेकांना अपमानाचा वाटतो. एजंट तर सांगतोच, 'ते लफडं काढून टाकू.' पण त्याच्यामागं काय आहे, तेही पाहायला हवं. परवानगी घेऊन जाणाऱ्याचा नोकरीचा करार तपासला जातो. त्याला नेणारा एजंट सरकारकडे नोंदलेला असावा लागतो. एजंटला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर, याहून जास्त घेता येत नाही. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांत दहा लाखांचं संरक्षण मिळतं. कोकणातल्या कित्येक घरांत तरुण मुलाच्या व्हिसासाठी लाखांनी पैसे मोजले जातात. शेरा असलेल्या पासपोर्टचे हे फायदे मात्र कुणी समजावून सांगत नाही.

कायद्याचं हे संरक्षण कधी कधी पायातली बेडीही होतं. असा शेरा असलेल्या तिशीखालच्या स्त्रीला या देशांत नोकरीसाठी परवानगीच द्यायची नाही, असं सरकारी धोरण आहे. तिची फसवणूक होऊ नये, हा हेतू चांगला. पण पोट तर तिशीपर्यंत थांबत नाही!

टुरिस्ट व्हिसाची पळवाट

खरी गोम पुढंच आहे. व्याख्या नोकरीशी बांधलेली, म्हणून कागदावर नोकरीच दाखवायची नाही. भेटीच्या किंवा पर्यटनाच्या व्हिसावर परतीच्या तिकिटासह माणूस पाठवायचा, 'तिकडं गेल्यावर व्हिसा बदलून देतो' असं सांगायचं. इमिग्रेशनच्या खिडकीवर तो पर्यटक असतो. पर्यटकाला ना करार, ना विमा, ना नोंदलेला एजंट. तिथं पोचल्यावर मालकाने पासपोर्ट काढून घेतला, तर हा माणूस कामासाठी देशाबाहेर गेल्याची नोंद भारत सरकारच्या कुठल्याच दफ्तरात नसते. बेकायदा एजंटला शिक्षा आहे, पण त्याच्याविरुद्ध पुरावा कसला द्यायचा? पैसे रोख दिलेले आणि पावती नाही. म्हणून व्हिसावर काय लिहिलंय, हे घरातल्या शिकलेल्या माणसाने निघण्यापूर्वी वाचायलाच हवं. एजंटचं नाव सरकारच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर नोंदलेल्यांच्या यादीत आहे का, तेही पाहायला हवं. ही सोय २०१४ पासून आहे.

शिकलेल्याला धोका नाही, हे १९८३ चं गृहीतकही आता टिकलेलं नाही. गेल्या काही वर्षांत कंप्युटर येणाऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना चांगल्या नोकरीचं आमिष दाखवून म्यानमार, कंबोडिया, लाओसमध्ये नेण्यात आलं. तिथं त्यांना डांबून त्यांच्याकडून इंटरनेटवरून लोकांना लुबाडण्याचं काम करून घेतलं गेलं. मार्च २०२५ मध्ये थायलंड-म्यानमार सीमेवरच्या अशा अड्ड्यांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. म्यानमार, कंबोडिया आणि लाओस हे तिन्ही देश अठराच्या यादीत नाहीत. त्यातून दहावी पास उमेदवाराला परवानगी लागतच नाही. कायदा ज्या दारावर पहारा देत होता, त्या दाराने ही मुलं गेलीच नाहीत. १९८३ चा कायदा बदलण्यासाठी २०१९, २०२१ आणि २०२५ मध्ये मसुदे काढले गेले, ते उगीच नव्हे.

पैशाचा हिशेब

आता पैशाकडे वळू. इथं दोन कायदे आहेत आणि दोघांची मोजपट्टी निराळी. परकीय चलनाचा कायदा, म्हणजे १९९९ चा 'फेमा', हेतू पाहतो. नोकरीसाठी, धंद्यासाठी किंवा अनिश्चित काळ राहण्याच्या इराद्याने गेलात, की तुम्ही परदेशस्थ. शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांनाही रिझर्व्ह बँकेने २००३ पासून यातच धरलं आहे. त्यामुळे मुलाचं इथलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते 'एन.आर.ओ.' खातं करून घ्यावं लागतं. वडील त्याच खात्यातून एटीएमने पैसे काढत राहतात, 'आपलाच तर मुलगा' म्हणून, आणि नियम मोडतोय हे कुणाच्या गावीही नसतं.

आयकर खातं हेतूबितूच्या भानगडीत पडत नाही. ते दिवस मोजतं. नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्या भारतीयाचे त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस इथं भरले, की तो रहिवासी. मग त्या वर्षीच्या परदेशातल्या कमाईचाही हिशेब इथं दाखवावा लागतो. सप्टेंबरात निघालेला आणि डिसेंबरात निघालेला, दोघांचा फरक इथं पडतो.

गावाकडच्या जमिनीचं काय, हा प्रश्न तर घरोघरी निघतो. परदेशस्थ भारतीयाला भारतात फ्लॅट घेता येतो, पण शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन मात्र वारसाने मिळू शकते आणि ठेवताही येते. विकायची झाली, तर भारतात राहणाऱ्यालाच विकावी लागते. महाराष्ट्रात तर शेतजमीन घेणारा शेतकरी असावा, अशी आणखी एक अट आहे. 'मुलगा अमेरिकेत गेला, आता सातबाऱ्यावरून त्याचं नाव जाणार' असं भाऊबंद सांगत असतील, तर ते खुशाल खोटं समजावं.

'परत येणारच होते'

हेतूवरून माणूस पारखणं किती अवघड असतं, हे फाळणीनंतरच्या खटल्यांतून दिसतं. घटनेच्या सातव्या कलमात म्हटलं आहे, की १ मार्च १९४७ नंतर जे पाकिस्तानात 'मायग्रेट' झाले, त्यांना भारताचे नागरिक मानलं जाणार नाही. पुनर्वसनाच्या परवान्यावर परतलेले तेवढे अपवाद. पण 'मायग्रेट' म्हणजे काय, हे घटनेने सांगितलं नाही.

बिहारमधल्या गयेच्या संस्थानिक घराण्यातली एक राणी जुलै १९४८ मध्ये कराचीला गेली. नवरा भारतातच होता. आपण औषधोपचारासाठी गेलो होतो, असं तिचं म्हणणं. डिसेंबरात ती परत आली, पण तात्पुरत्या परवान्यावर, स्वतःला पाकिस्तानची रहिवासी म्हणवून. पुन्हा गेली. १९५० मध्ये कायमच्या परवान्यावर आली, तर तो परवाना रद्द झाला. दरम्यान तिची मालमत्ता निर्वासितांची म्हणून सरकारी ताब्यात गेली. 'बिहार राज्य विरुद्ध कुमार अमर सिंग' या खटल्यात १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ती पाकिस्तानात स्थलांतरित झालीच होती. नवरा इथं आहे म्हणून बायकोही इथलीच, हा युक्तिवाद चालला नाही.

पुढं न्यायालयातच मतभेद झाले. १९६१ मध्ये स्थलांतराला कायम राहण्याचा इरादा हवा, असं ठरलं. १९६६ मध्ये केरळच्या एका खटल्यात ते फिरवलं गेलं. सातव्या कलमापुरतं तरी कायमचा इरादा असण्याची गरज नाही. स्वखुशीने गेला आणि थोड्या दिवसांच्या ठरावीक कामासाठी गेला नव्हता, एवढं पुरे, असा अर्थ पक्का झाला. त्या धामधुमीत घर सोडलेल्या किती जणांना 'आपण कायमचे चाललो' हे ठाऊक होतं, कोण जाणे!

पासपोर्ट बदलला की...

आजच्या कुटुंबांसाठी सगळ्यात निर्णायक कलम आहे ते १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातलं नववं. भारताच्या नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, की त्याच क्षणी त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. अर्ज लागत नाही, नोटीस येत नाही. ग्रीन कार्डाने हे होत नाही, वीस वर्षं परदेशी राहिल्यानेही होत नाही. त्या देशाची शपथ घेतली, की होतं. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळवणं हा तर नियमांनुसार निर्णायक पुरावाच मानला जातो. त्यानंतर जुना भारतीय पासपोर्ट वापरणं हा गुन्हा आहे. तो जमा करून तसा दाखला घ्यावा लागतो.

दर वर्षी दोन लाखांहून जास्त लोक हा उंबरठा ओलांडतात. संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२ मध्ये २,२५,६२० जणांनी भारताचं नागरिकत्व सोडलं, २०२३ मध्ये २,१६,२१९ जणांनी. यांतल्या अनेकांकडे पुढं 'ओ.सी.आय.' कार्ड येतं. नावात 'सिटिझन' असलं तरी ते नागरिकत्व नव्हे. त्यावर आयुष्यभर व्हिसाशिवाय येता येतं, पण मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही. उलट, भारतीय पासपोर्ट जपून ठेवलेला माणूस कितीही वर्षं बाहेर असला तरी मतदार राहू शकतो. २०१० च्या दुरुस्तीने तशी सोय झाली आहे. फक्त मत द्यायला स्वतः गावी यावं लागतं.

गोव्यात या नवव्या कलमाने वेगळाच पेच घातला आहे. पोर्तुगीज अंमलात जन्मलेले गोवेकर, त्यांची मुलं आणि नातवंडं लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद करून पोर्तुगालचा पासपोर्ट मिळवू शकतात. त्या पासपोर्टवर युरोपात कुठंही काम करता येतं. ब्रिटन युरोपीय संघात होता तोवर अनेक गोवेकर त्याच्या जोरावर स्विंडनसारख्या शहरांत स्थिरावले. पोर्तुगालचं म्हणणं, आम्ही नवं काही देत नाही, मूळ नागरिकत्वाची नोंद करतो. भारताचं म्हणणं, १९६२ च्या आदेशाने गोवेकर २० डिसेंबर १९६१ पासून भारताचे नागरिक झाले. आता दुसरा पासपोर्ट घेतला, की ते गेलं. अशा काहींचे भारतीय पासपोर्ट सरकारने रद्द केले. मग त्यांना पासपोर्ट जमा केल्याचा दाखला मिळेना आणि दाखल्याशिवाय ओ.सी.आय. मिळेना. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने रद्द झाल्याचं प्रमाणपत्रही चालेल असं कळवलं, तेव्हा कुठं वाट निघाली.

आईबापांच्या निर्णयाचा परिणाम मुलांवरही होतो. परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय नागरिक व्हायचं असेल, तर जन्मापासून एका वर्षात भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते. उशीर झाला, तर केंद्र सरकारची परवानगी लागते. शिवाय, आईबापांनी आठव्या कलमाखाली रीतसर घोषणा करून नागरिकत्व सोडलं असेल, तर त्यामुळे नागरिकत्व गमावलेल्या मुलाला सज्ञान झाल्यावर एका वर्षात ते परत मागता येतं.

असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एका जोडप्याने डिसेंबर १९९८ मध्ये सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं, तेव्हा आईच्या पोटात बाळ होतं. मार्च १९९९ मध्ये मुलगा झाला. सज्ञान झाल्यावर त्याने भारताचं नागरिकत्व परत मागितलं. मद्रास उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्याच्या आईबापांनी घोषणा करून नागरिकत्व सोडलं नव्हतं. दुसऱ्या देशाचं घेतल्यामुळे ते नवव्या कलमाने आपोआप गेलं होतं. आणि परत मागण्याची सवलत फक्त आठव्या कलमात आहे.